शेजारी लहान मुलाला रोज मार बसतो. पोलिसांकडे न जाता त्या कुटुंबाला मदत मिळवून देता येते का?

चाळीत शेजारच्या खोलीतली बाई तीन वर्षांच्या पोराला जवळजवळ रोज बडवते, नवरा पितो, तक्रार केली तर पोराला संस्थेत टाकतील अशी तुम्हाला भीती आहे. आणि वस्तीपातळीवर कुटुंबाला आधार देणारे कार्यक्रम असतात, त्यांनी मारहाण खरंच थांबते का, असं तुम्ही विचारलंय. मी अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले. बऱ्याच घरांत थांबते. कुठे थांबत नाही तेही सांगते.

पण त्याआधी पोराकडे नीट बघा. चटके, भाजल्याच्या खुणा, डोक्याला मार किंवा लैंगिक छळाची शंका असेल तर आधार वगैरे नंतर, आधी १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनला, फोन. लैंगिक छळात तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे कळवणं तुमच्यावर बंधनकारकच आहे. आणि फोन केला की पोर लगेच उचलून नेतात, हा गैरसमज. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा पर्याय धरलाय.

आता मूळ प्रश्न. या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या गावी डेव्हिड ओल्ड्स यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी पहिलटकरणींच्या घरी नर्स पाठवायला सुरुवात केली. बहुतेक मुली कमी वयाच्या, एकट्या किंवा गरीब. नर्स गरोदरपणापासून यायची ते मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी सरकारी नोंदी तपासल्या, तर या घरांमधल्या अत्याचाराच्या आणि हेळसांडीच्या नोंदी इतरांपेक्षा जवळपास निम्म्या निघाल्या. नर्स काही कुणाला सुधारायला जात नव्हती. बाळाचं वजन, आईचं खाणंपिणं, रडणारं पोर शांत कसं करायचं, आईचं शिक्षण किंवा नोकरी, एवढंच.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. ज्या घरांत बाईलाच सतत मार बसत होता, तिथे या भेटींनी मुलांवरचे अत्याचार कमी झाले नाहीत. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या बीटमध्येही, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या भागातही, नवऱ्याचा हात ज्या घरात चालायचा तिथे सेविकेची गृहभेट दारातच संपायची. पुढे इंग्लंडमध्ये असाच कार्यक्रम राबवला, तेव्हा २०१६ च्या चाचणीत ठरवलेल्या मुख्य उद्दिष्टांवर फरक दिसला नाही. तिथे सगळ्यांनाच आधीपासून बरी सरकारी आरोग्यसेवा मिळत होती, हे एक कारण सांगतात.

आपल्याकडे असं घरी जाणारं माणूस नाही असं नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी देते, पुढे तीन ते पंधरा महिन्यांत आणखी पाच. अंगणवाडी सेविकेच्या गृहभेटी वेगळ्या. पण त्यांच्या हातात रजिस्टर, मोबाईल आणि टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटं इतकी असतात की ‘तू नीट झोपतेस का गं’ हे विचारायला वेळच उरत नाही. माझा खात्यावरचा जुना राग आहे हा.

मार कशामुळे बसतो, हे घरात बसल्याशिवाय कळत नाही. एका झोपडीत दीड वर्षाचं पोर खाटेच्या पायाला ओढणीने बांधलेलं सापडलं. आई चार घरची धुणीभांडी करायची, सोबत न्यायला मालकिणींची मनाई. शेजाऱ्यांच्या लेखी ती कसाई. मी ओढणी बघितली. मोरीपर्यंत पोचेल आणि स्टोव्हपर्यंत पोचणार नाही, एवढीच लांब ठेवली होती. त्या बाईला समुपदेशन काय करणार? तिला पाळणाघर हवं होतं. एका संस्थेचं जवळच होतं, पोर तिथे जायला लागलं, ओढणी सुटली, आणि संध्याकाळचं चापटा मारणंही कमी झालं, कारण पोर दिवसभर रडून चिडलेलं नसायचं. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मोबाईल क्रेशेस सुरू केलं ते याच गरजेतून, आणि पुढे ते काम मुंबईतही आलं. सरकारची पाळणा योजनाही आता आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी.

व्याख्यानांचा मात्र मला अनुभव वाईट. मेळाव्यात ‘मुलांना मारू नका’ म्हणून भाषण ठोकलं की बाया माना डोलावतात आणि घरी जाऊन हाणतात. दहा बाया गोल बसवून ‘काल कुणाचा हात उठला, का उठला’ विचारलं की तासाभरात कारणं बाहेर पडतात: पाणी आलं नाही, सासू बोलली, नवऱ्याने पगार उडवला.

तुमच्या शेजारणीपुरतं सांगायचं तर अंगणवाडी सेविकेला गाठा आणि ‘ती पोराला मारते’ असं न म्हणता ‘तिचं पोर अंगणवाडीत येत नाही, जरा बघता का’ असं म्हणा. तीन वर्षांचं आहे, म्हणजे पूर्वप्राथमिकसाठी बसतंच. सकाळचे चार तास दोघांची सुटका. तुम्ही स्वतः दुपारी अर्धा तास पोराला तुमच्याकडे ठेवून घेतलंत तरी चालेल, पण ‘का मारतेस’ हा प्रश्न पहिल्या भेटीत नको. चहा प्या, ती आपणहून बोलेल. नवऱ्याचा मार तिलाही बसत असेल तर १८१ हा महिलांचा नंबर तिच्या हाती द्या, आणि तो घरी नसताना द्या. घरात आई किंवा बाप यांपैकी एकच उरलं असतं, तर बालसंगोपन योजनेचा अर्जही जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करता आला असता, महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून इथे तो लागू दिसत नाही, पण चाळीत दुसरं कुणी असेल तर सांगून ठेवा.

पंधरा दिवसांत फरक दिसला नाही, किंवा पोर तुम्हाला बघून बोलायचं बंद झालं, तर मग वाट बघू नका, १०९८ लावा. तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं.