तीन सायटेशन आणि कॉलऱ्याचं विष

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते आहे. चार वर्षांत दोन शोधनिबंध आले, दोन्हींना मिळून सायटेशन (इतरांच्या निबंधांत आलेले उल्लेख) तीन. माझं काम वाया गेलं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही, ताई. अशा वेळी मला कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे आठवतात. मी वर्गात त्यांच्याबद्दल शिकवायचो तेव्हा दरवेळी गहिवरून यायचं.

कॉलऱ्यात शरीरातलं पाणी नेमकं कशामुळे जातं, हे तेव्हा उलगडलेलं नव्हतं. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोऱ्यानं दोन्हीकडून बांधला आणि त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले. तो तुकडा पाण्यानं टम्म फुगला. पुढे जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रव सोडलं, तरी तेच! म्हणजे जंतू बाहेर विष सोडतात आणि ते आतड्यावर काम करतं. किती साधी मांडणी, केवढं उत्तर! हा निबंध १९५९ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला.

सुरुवातीला त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल परिसंवादाचं निमंत्रण आलं, १९८५ मध्ये ते गेले. सायटेशन मोजण्याची पद्धत रुजवणारे युजीन गारफिल्ड यांनी १९८६ मध्ये डे यांच्या कामाच्या प्रभावावर लिहिलं. आज त्याच विषाचा निरुपद्रवी भाग तोंडावाटे देण्याच्या एका लशीत असतो.

तुमच्या कामाचा उल्लेख करणारे ते निबंध मात्र उघडून वाचा. त्यांनी तुमची पद्धत वापरली आहे की नुसतं नाव घेतलंय, ते पाहा. पद्धत वापरली असेल तर त्या लेखकांना आजच पत्र लिहा.