इंक टँक प्रिंटरचा काळा रंग तुटक येत असेल, तर हेड बदलण्याची घाई करू नये

नमस्कार. तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: घरचा चार रंगांचा इंक टँक प्रिंटर एप्रिलमधील परीक्षांनंतर बंदच होता. जूनमध्ये मुलीचा शाळेचा प्रकल्प छापायला घेतला, तेव्हा काळ्या अक्षरांत पांढऱ्या रेघा आल्या. एकाच संध्याकाळी आठ वेळा हेड क्लीनिंग (कागदावर शाई फवारणाऱ्या भागाची, म्हणजे हेडची, प्रिंटरने स्वतःच केलेली सफाई) करून प्रत उलट अधिकच फिकट झाली, आणि आता दुकानदार हेड बदला म्हणतात. शिवाजी पेठेतील माझ्या घरी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका गेली बारा वर्षे इंकजेटवरच छापल्या जातात, त्या अनुभवावरून सांगतो की तुमचे हेड बहुधा गेलेले नाही. त्याला आधी न वापरल्याचा आणि मग अतिवापराचा त्रास झाला आहे.

हेडवरची छिद्रे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक असतात. एप्सनच्या एल ३११० या मॉडेलचेच उदाहरण घेतले, तर काळ्या रंगासाठी १८० आणि उरलेल्या तीन रंगांसाठी प्रत्येकी ५९ छिद्रे असतात. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसते आणि छिद्रे झाकली जातात. आपल्याकडे मात्र भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करण्याची सवय इतकी पक्की, की पुष्कळदा हेड वाटेतच उघडे राहते आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई छिद्रांच्या तोंडाशीच वाळते. छापता छापता वीज गेली तरी हेच होते. म्हणून वीज आल्यावर प्रिंटर एकदा सुरू करावा, हेड जागेवर जाऊ द्यावे आणि मगच त्याच्या बटणाने बंद करावा.

आता मुख्य मुद्दा. क्लीनिंग म्हणजे धुणे नव्हे. त्यात पंप टोपीखालून शाई ओढून घेतो आणि ती सगळी शाई तळाच्या पॅडमध्ये जाऊन बसते. एकामागून एक क्लीनिंग केल्याने टाकी रिकामी होते, पॅड लवकर भरते, आणि टाकीतील पातळी फार खाली गेलेली असेल तर नळीत हवाही शिरते. एप्सनची सूचना अशी आहे की, तीन वेळा नोझल चेक (सगळ्या छिद्रांतून शाई येते का हे दाखवणारा, पायरीसारख्या रेघांचा चाचणी कागद) आणि क्लीनिंग करूनही सुधारणा झाली नाही, तर काहीही न छापता निदान बारा तास थांबावे. कॅननच्या प्रिंटरमध्ये डीप क्लीनिंगनंतर, म्हणजे अधिक जोराच्या सफाईनंतर, चोवीस तासांचा अवधी सांगितलेला असतो. हा वेळ वाया जात नाही. आत आलेली ताजी शाई वाळलेल्या शाईला हळूहळू विरघळवते आणि फेसातील हवेचे बुडबुडे वर जातात.

तुम्ही आज एवढेच करा: एक नोझल चेक छापा, कागदाच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि वेळ लिहा आणि प्रिंटर उद्यापर्यंत तसाच राहू द्या. उद्या दुसरा नोझल चेक छापून दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहा. पायरीसारख्या रेघांतील तुटलेल्या जागा दोन्ही कागदांवर तंतोतंत जुळत असतील, तर ती छिद्रे वाळलेल्या शाईने बुजली आहेत. जागा बदलत असतील, तर बहुधा नळीत हवा आहे, आणि तिला क्लीनिंगपेक्षा विश्रांतीच अधिक मानवते. माझ्या टेबलाच्या खणात अशा कागदांची चवडच आहे. घरचे हसतात, पण प्रिंटरची कुंडली मांडायची तर याच कागदांवरून.

जागा जुळल्या तर पॉवर क्लीनिंगआधी (म्हणजे नळ्यांतील सगळी शाई ओढून बदलणाऱ्या जोरदार सफाईआधी) एक सौम्य उपाय करता येतो. हेड मध्यभागी सरकल्यावर वायर काढावी, उजवीकडच्या टोपीतील स्पंजवर ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटरचे काही थेंब सोडावेत, हेड हलक्या हाताने परत टोपीवर आणावे आणि रात्रभर ठेवावे. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळते. नळाचे पाणी चालणार नाही, कारण त्यातील क्षार छिद्रांत बसतात. पॉवर क्लीनिंग करायचेच झाले, तर प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली असावी आणि पुन्हा करण्यापूर्वी बारा तास जाऊ द्यावेत.

शाईबद्दल एक कबुली देतो. माझा पहिला प्रिंटर माझ्याच काटकसरीने गेला. अर्ध्या टाकीत डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) असताना वर स्वस्त मिळालेली पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) ओतली, आणि दोन्ही एकत्र येऊन नळीत गाळ धरला. तेव्हापासून बाटलीवर मॉडेल क्रमांक वाचल्याशिवाय मी झाकण उघडत नाही.

पुढे असे होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एखादे छोटे चित्र छापावे. नुसता काळा मजकूर छापला तर बाकीच्या तीन रंगांची छिद्रे तशीच बसून राहतात. सुटीत गावी जाणार असाल, तर शेजाऱ्यांकडे किल्ली देतोच, त्यांना एक कागदही छापायला सांगावे.

पावसाळ्यात आपल्या कोल्हापुरात शाई वाळण्याची चिंता कमी आणि कागद ओलावण्याची जास्त. मऊ पडलेला कागद दोन-दोन मिळून आत ओढला जातो, म्हणून रिम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावी आणि ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद घालावेत. मागचा ट्रे उघडा राहिला की त्यात धूळ, खोडरबराचे तुकडे आणि साखर कारखान्याजवळ राहणाऱ्यांच्या घरी गळिताच्या हंगामात काजळीही पडते. त्यामुळे काम झाले की वरून सुती कापड टाकावे.

हेड बदलण्याचा निर्णय निदान चार-पाच दिवस लांबणीवर टाका. तेवढे करूनही त्याच जागी त्याच रेघा तुटत असतील, तर तारखा घातलेले सगळे कागद घेऊन दुकानात जा आणि हेडबरोबर टोपी व पंपही तपासायला सांगा. टोपीचे रबर कडक झाले असेल, तर पंपाला शाई ओढताच येत नाही, आणि हेड नवे बसवले तरी तुमची रेघ तुटकच राहील.