मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांवर दिसणाऱ्या घळी पाण्याने झाल्या का?

नाही, टेकड्या वाऱ्याने रचल्या आणि त्यांवरच्या लांब, सरळ घळी बहुधा कोरड्या बर्फाच्या, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या, ढेपांनी कोरल्या. हिवाळ्यात तिथे उणे १२५ अंशांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड गोठतो. वसंतात ढेपा माथ्यावरून सुटतात आणि बुडातून निघणाऱ्या वायूच्या गादीवर घसरत वाळू दोन्ही बाजूंना सारतात. खरी खूण तळाशी आहे. ठाण्याजवळच्या येऊरचा ओढा पावसाळ्यात खडी-गाळ पायथ्याशी पसरवतो. मंगळावरच्या रसेल विवरातल्या टेकड्यांवरच्या घळी नुसत्या खड्ड्यात संपतात, कारण ढेप तिथेच थांबून वायू होऊन उडून जाते. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स रिकॉनेसन्स ऑर्बिटर’ या यानाच्या फोटोंत हे खड्डे स्पष्ट दिसतात, जरूर बघा. मात्र विवरांच्या खडकाळ भिंतींवरच्या घळींना हेच कारण सरसकट लावू नका. तिथल्या जुन्या घळींत वितळलेल्या पाण्याचा वाटा होता का, यावर अजून वाद आहे.