हसला की गुडघ्यांतलं बळ जातं, ते का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझा मुलगा 19 वर्षांचा आहे. बारावीला चांगले मार्क होते, आता नीटसाठी रिपीट करतो आहे. वर्षभरापासून कुठेही झोपतो. क्लासमध्ये, जेवता जेवता, परवा तर न्हाव्याच्या खुर्चीत. रात्री लवकर आडवा होतो, पण सारखी जाग येते. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर तर्री-पोहे खायला गेला होता. कुणीतरी विनोद केला, हा खदखदून हसला आणि हातातली प्लेट सुटली, मान लोंबली, गुडघ्यांतून खालीच बसला. मिनिटभरात उठला. म्हणतो, "आई, मला सगळं ऐकू येत होतं, फक्त हलता येत नव्हतं." एका डॉक्टरांनी फिटची गोळी सुरू केली, फरक नाही. झोप लागताना त्याला दारात कुणी तरी उभं दिसतं, म्हणून सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. ह्यांचं एकच, "काहून झोपून राह्यला बे दिवसभर? नाटकं आहेत सारी!" धाकटी मुलगी 14 वर्षांची आहे. तिलाही होईल का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, दिवसा झोप येण्याची कारणं ढीगभर आहेत. रात्रीचा मोबाईल, पहाटेचा क्लास, अंगात रक्त कमी, थायरॉइड, घोरणं. तुमच्या पत्रात मी थांबलो तो प्लेट सुटली तिथे. हसू आलं, अंगातलं बळ गेलं आणि शुद्ध मात्र शाबूत राहिली, असं वारंवार होत असेल तर पहिलं नाव घ्यायचं ते नार्कोलेप्सीचं, म्हणजे मेंदूला जाग आणि झोप वेगळी ठेवता न येण्याच्या आजाराचं. या बळ जाण्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. चक्कर येऊन पडलेल्याला किंवा मोठी फिट आलेल्याला मित्र काय बोलत होते ते सांगता येत नाही. तुमच्या मुलाला सगळं ऐकू येत होतं. पत्रावरून निदान करायचं नसतं, ते मी करतही नाही. पण तपासणीची दिशा बदलायला एवढं पुरे आहे. फिटची गोळी मात्र मनाने बंद करू नका, ती डॉक्टरांनीच कमी करायची असते.

आता तुमच्या ह्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण 'नाटकं' हा शब्द या आजारात औषधाआधी घरी येतो.

1970च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट यांनी चक्क नार्कोलेप्सी असलेली कुत्री पाळली होती, डॉबरमन आणि लॅब्रेडॉर. आवडीचं खाणं पुढे ठेवलं की शेपटी हलवत धावत यायची आणि भांड्यापाशी पोचता पोचता मागचे पाय मोडून पडायची, डोळे उघडे. मुलाला हसू, कुत्र्याला खाऊ. मेंदूच्या लेखी दोन्ही आनंदच. कुत्री नाटकं करत नाहीत, हे ह्यांना पटायला हरकत नाही. या डॉबरमनांत आजार आईबापांकडून पिल्लांत उतरत होता. त्यामागचं जनुक शोधण्यात फ्रान्सहून आलेल्या इमॅन्युएल मिन्यो यांची सुमारे 10 वर्षं गेली.

तिकडे टेक्सासात मासाशी यानागिसावा यांच्या गटाला 1998 साली मेंदूतलं एक नवं रसायन सापडलं, ओरेक्सिन. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही ते शोधलं आणि हायपोक्रेटिन म्हटलं, त्यामुळे रिपोर्टमध्ये दोन्हीपैकी कुठलंही नाव दिसेल. यानागिसावांना आधी वाटलं, हे भुकेचं रसायन. म्हणून त्यांनी ओरेक्सिन तयारच होणार नाही असे उंदीर वाढवले. दिवसा पाहिलं तर विशेष काही नाही. पण उंदीर जागतात रात्री! अंधारात चालणारा कॅमेरा लावला तेव्हा दिसलं, की चांगला पळता पळता उंदीर मध्येच आडवा होतो आणि थोड्या वेळाने काहीच झालं नाही असा उठून चालू लागतो. 1999च्या ऑगस्टमध्ये दोन्ही शोध एकाच सुमारास छापून आले. कुत्र्यांमध्ये ओरेक्सिनचा संदेश झेलणारा रिसेप्टर बिघडलेला होता, उंदरांमध्ये ओरेक्सिनच नव्हतं. पुढच्याच वर्षी माणसांचं कोडं सुटलं. नार्कोलेप्सीच्या रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तर ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या. मुळात त्या असतातच किती? अब्जावधी पेशींच्या मेंदूत, हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्या भागात, सत्तरेक हजार. या कामासाठी मिन्यो आणि यानागिसावा यांना 2023चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं. माझ्या मते नोबेलही उशिरा का होईना मिळायला हवं.

ओरेक्सिनचं काम मे महिन्यात आपल्या कूलरला जोडलेल्या स्टॅबिलायझरसारखं: जाग आणि झोप यांच्यात वरखाली होऊ न देणं. ते गेलं की दोन्ही एकमेकांत घुसतात. एरवी झोप लागल्यावर साधारण 90 मिनिटांनी स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, येते. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू मुद्दाम सैल सोडतो, नाही तर आपण स्वप्नात पळताना पलंगावरून पडलो असतो. नार्कोलेप्सीत हे सैल सोडणं जागेपणी होतं, म्हणून प्लेट सुटते. स्वप्न डोळा लागता लागताच सुरू होतं, म्हणून दारात माणूस दिसतो. सासूबाईंना सांगा, दिसतं ते खरंच दिसतं; पण ते स्वप्न आहे, झाडफूक करून जाणारं नव्हे. धडधाकट माणसालाही असं क्वचित होतं.

धाकटीची काळजी करू नका. डॉबरमनांसारखं हे आईकडून लेकीकडे सरळ जात नाही. सख्ख्या नात्यातला धोका साधारण 1 ते 2 टक्के. पेशी का मरतात, तर बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्यांच्यावर उलटते. बहुतेक रुग्णांत प्रतिकारशक्तीच्या जनुकाचा एक ठरावीक प्रकार सापडतो, पण तो असणाऱ्या बहुतेकांना आजार होत नाही. फ्लूसारख्या संसर्गाचा धक्काही लागत असावा. 2009-10 मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत युरोपात वापरलेल्या पॅन्डेमरिक्स या लशीनंतर फिनलंड-स्वीडनमध्ये मुलांत रुग्ण वाढले होते. ही गोष्ट त्या एका लशीची. हे वाचून कुणी बाळाचे डोस चुकवू नयेत.

तर आता करायचं काय. न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि स्लीप लॅबची सोय कुठे आहे ते विचारा. पुन्हा असं झालं तर मित्रांना मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, पण आधी त्याला नीट टेकवून. मिटत जाणाऱ्या पापण्या, लोंबणारा जबडा हे तज्ज्ञाला पाहता आलं तर तुमचं अर्धं सांगणं वाचेल. दोन आठवडे झोपेच्या वेळा वहीत लिहा. लॅबमध्ये एक रात्र झोपवतात आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी अशा पाच डुलक्या घ्यायला लावतात. सरासरी 8 मिनिटांच्या आत झोप लागली आणि त्यात किमान दोनदा लगेच रेम आली, तर निदान पक्कं होत जातं. कुठली औषधं चालू आहेत ते आधी सांगा, काही औषधांनी हा निकाल बदलतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या गोळीने दिवस सावरतो, बळ जाण्यावर वेगळ्या गोळ्या आहेत. सगळं चिठ्ठीवरच, क्लासमधल्या मित्राकडून घेऊन नव्हे. ओरेक्सिनचं काम करणाऱ्या गोळ्यांवर संशोधन जोरात आहे. त्यातल्या एकीची चाचणी यकृताला त्रास झाल्यामुळे 2021 मध्ये थांबवावी लागली, दुसरीचे 2025 मधले निकाल आशादायक आहेत. तोवर दुपारी ठरलेल्या वेळी 15-20 मिनिटांची झोप हे फुकटचं औषध घ्या, क्लासच्या सरांना भेटून त्याची परवानगी मागा. आणि इलाज बसेपर्यंत ॲक्टिव्हाची किल्ली काढून घ्या. रिंग रोडवर ट्रकच्या मागे डुलकी नको.

प्रश्न : वय 63. दुपारी वरण-भात जेवलो की डोळे मिटतातच. मलाही नार्कोलेप्सी असेल का?
– एक निवृत्त वाचक, धरमपेठ

उत्तर : काका, हा आजार बहुधा तरुणपणीच डोकं वर काढतो, आणि नागपूरच्या उन्हात दुपारी पडणं याला मी आजार म्हणणार नाही. मात्र सकाळी पेपर वाचताना, टीव्हीसमोर, सिग्नलला गाडीतही डोळा लागत असेल तर घोरता का ते काकूंना विचारा, तुम्हाला स्वतःला ते कळणार नाही. घोरता घोरता श्वास अडकतो असं त्या म्हणाल्या, तर तपासणी स्लीप ॲप्नियाची करायची. बीपीही मोजून घ्या.