चौकशी समित्यांनी लोकांचं कधी भलं झालंय का? १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवरून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे : लोक चिडून उठले की सरकार आधी पोलीस पाठवतं, मग चौकशी समिती नेमतं, अशा समितीतून लोकांच्या हाती खरंच काही पडतं का?

पडतं. पण उशिरा, अर्धंमुर्धं, आणि सरकारनं आधी स्वतःची मान सोडवून घेतल्यावर. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांविरुद्ध केलेल्या उठावाइतकं याचं स्पष्ट उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

सुरुवात शिरूर तालुक्यातल्या करडे गावात झाली. १८७४ च्या डिसेंबरात एका सावकारानं तिथल्या देशमुखांवर दीडशे रुपयांच्या कर्जासाठी कोर्टाचा हुकूमनामा आणला. गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानात कुणी जाईना, त्यांची जमीन कुणी कसेना, न्हावी-परीटही त्यांचं काम करीनात. पुढं १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात आजूबाजूच्या गावांचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे हिशेबाच्या वह्या आणि कर्जाची खतं, म्हणजे लेखी करारपत्रं, मागितली. मिळतील तेवढी तिथंच जाळली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी घरंही पेटवली. पण सगळा रोख होता तो कागदांवर, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याला कशानं बांधलंय हे त्या माणसांना नेमकं ठाऊक होतं. दोन महिन्यांत हे लोण तीसहून अधिक गावांत पोचलं.

सरकारचं पहिलं उत्तर ठरलेलंच होतं. गावोगाव पोलीस चौक्या बसल्या, लष्कर आलं, धरपकड झाली, शिक्षा झाल्या. १८५७ ला अजून वीस वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे कलकत्त्याचं हिंदुस्थान सरकार धास्तावलं आणि त्यानं मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमायला लावलं.

या आयोगानं काम मात्र कसून केलं, हे मान्य करायला हवं. त्यानं रयतेच्या, सावकारांच्या जबान्या घेतल्या, पिकांचे भाव, व्याजाचे दर, साऱ्याचे आकडे गोळा केले. पण त्याच्यापुढं एक अडचणीचा प्रश्न होता : सरकारनं वाढवलेला शेतसारा या उठावाचं कारण होता का? १८६७ पासूनच्या फेरआकारणीत, म्हणजे सारा नव्यानं ठरवताना, तो ५० ते १०० टक्के वाढला होता, आणि तोही नेमक्या वाईट वेळी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता तोवर सावकार कापसासाठी एकरी शंभर रुपयांपर्यंत उचल, म्हणजे आगाऊ कर्ज, देत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, उचल बंद झाली आणि त्यावर वाढीव सारा येऊन बसला. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढं मांडणारी पुणे सार्वजनिक सभा ही संस्था दंग्यांच्या आधीपासून साऱ्याबद्दल ओरडत होती. तरीही १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढं गेलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की सारा हे कारण नव्हे, दोष सावकारांचा.

सावकार निर्दोष होते असं मी अजिबात म्हणत नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जाचं खत तीनच वर्षं चालायचं. व्याज साचू नये हा हेतू. सावकारांनी दर तीन वर्षांनी मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल लिहून घ्यायला सुरुवात केली. अंगठा उठवणाऱ्याला आत काय लिहिलंय ते कळायचं नाही. हा अन्याय खराच होता. पण रोख रकमेत सारा भरायलाच रयत सावकाराच्या दारी जात होती, आणि त्याच्या बाजूनं जप्तीचे हुकूम देणारी कोर्टं सरकारची होती. आयोगानं बोट दाखवलं ते मधल्या माणसाकडं.

हाती पडलं ते १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या कर्जनिवारण कायद्याच्या रूपानं. म्हणजे सुप्यानंतर चार वर्षांनी. मध्ये १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला होता आणि १८७९ मध्येच वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड पुकारलं होतं. कायदा पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांपुरता, पण त्यात दम होता. न्यायाधीशाला आता खतावरच्या आकड्यावर न थांबता कर्जाचा सगळा इतिहास तपासता येऊ लागला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. खास गहाण दिली नसेल तर कर्जापायी जमीन विकायला बंदी आली. या कायद्याखालचे खास न्यायाधीश म्हणून पुढं न्यायमूर्ती रानड्यांनीही काम केलं.

म्हणून कुठलीही समिती नेमली गेली, की अध्यक्ष कोण यापेक्षा आधी तिला कोणते प्रश्न विचारायची परवानगी आहे आणि सरकारचा स्वतःचा निर्णय तिच्या कक्षेत येतो का, ते मी बघतो. १८७५ मध्ये तो प्रश्न कक्षेत होता, तरी उत्तर सरकारच्याच सोयीचं आलं. सारा भरायला रोकड लागतच राहिली, त्यामुळं कायद्यानंतरही शेतकरी सावकाराकडं जातच राहिला, आणि सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत मागू लागले.