कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रेकॉर्ड विभागात आहे, बी.कॉम. झालंय. डेटा ॲनालिटिक्स आणि एआय शिकून उपयोग होईल का? पायथॉन प्रोग्रामिंग लागेल का?

उपयोग नक्की होईल, पण पायथॉनच्या क्लासला पैसे भरायच्या आधी एक्सेल नीट शिका. मी एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रीचं, म्हणजे कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटची नोंद ठेवायचं काम करते, अकरा वर्षं झाली. आम्ही पहिल्यांदा सर्व्हायव्हल, म्हणजे निदानानंतर पेशंट किती काळ जगले ते काढायला बसलो तर काही पेशंट निदानाच्या आधीच वारलेले निघाले! का, तर एका कॉम्प्युटरवर दिवस आधी आणि दुसऱ्यावर महिना आधी, ०३/०४ चा अर्थ दोन्हीकडे वेगळा. मग आठवडाभर जुन्या फायली काढून एकेक तारीख जुळवत बसलो.

नावांचंही तसंच. बायोप्सीच्या रिपोर्टवर माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं, म्हणजे एकच बाई दोनदा मोजली जाते. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, वय, गाव, मोबाईल, कुठल्या अवयवाचा कॅन्सर हे सगळं सोबत बघा. आणि आयसीडी-ओ कोडिंग, म्हणजे कॅन्सरच्या प्रकारांना द्यायचे आंतरराष्ट्रीय कोड, शिकाच, कारण ८५००/३ मधला शेवटचा ३ म्हणजे आजूबाजूला शिरलेला कॅन्सर, तिथे चुकून २ पडला तर तो जागेवरच असलेला धरला जातो, एका आकड्याने पेशंटचा गटच बदलतो.

आता एआय. पॅथॉलॉजीच्या लांबलचक रिपोर्टमधून गाठीची साइज, नोड्स (लसिका ग्रंथी), ग्रेड (पेशी किती बिघडल्यात ते) काढून टेबल करून देतं, वेळ वाचतो हे खरंय. पण मी स्वतः बनवलेले नमुना रिपोर्ट देऊन बघितलं, एकात मेटास्टॅसिसबद्दल, म्हणजे कॅन्सर दुसऱ्या अवयवात पसरल्याबद्दल, अक्षरही नव्हतं तरी टूलने स्टेजच्या रकान्यात सरळ एम०, म्हणजे पसरलेलं नाही, असं भरलं. "तपासलेलं नाही" आणि "पसरलेलं नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो, त्यामुळे प्रत्येक ओळ मूळ रिपोर्टशी ताडून बघायचीच. आणि खऱ्या पेशंटचा रिपोर्ट फुकटच्या चॅटबॉटमध्ये कधीच टाकू नका, नाव खोडलं तरी छोटं गाव, वय आणि दुर्मिळ कॅन्सर एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. हॉस्पिटलची लेखी परवानगी असेल तरच.

अजून एक, फॉलोअपला न आलेल्यांना जिवंत धरलं की आकडे छान दिसतात आणि खोटे असतात. मुंबईची रजिस्ट्री १९६३ ची, देशातली पहिली, पण मला सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची जास्त जवळची वाटते, १९८७ पासून तिथली माणसं गावोगाव फिरून पेशंट शोधत आली, कारण खेड्यात मृत्यूचं कारण कागदावर येतंच असं नाही. आम्ही फोन करतो, कधी पलीकडून मुलगा रडायला लागतो, तेव्हा तारीख विचारायची घाई करत नाही.

सुरुवात करायची तर साहेबांना विचारून मागच्या वर्षीच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या केसेस घ्या, नावं काढून टाका, आणि नोंदणीपासून पहिल्या ट्रीटमेंटपर्यंत किती दिवस गेले ते मोजा. एवढं एक्सेलमध्ये आरामात होतं. सरासरीवर थांबू नका, जे सगळ्यात जास्त दिवस थांबले त्यांच्या फायली उघडून वाचा. आम्ही वाचल्या तर बरेचसे लांबच्या तालुक्यातले होते, एकेका तपासणीसाठी वेगळी खेप करणारे. आता त्यांच्या तपासण्या शक्यतो एकाच दिवशी लावतात.