मेलवर पासवर्ड पाठवताय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सोलापूरच्या चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतून मला सतत एकच प्रश्न येतो: कंपनीचे आयडी-पासवर्ड मेलवर पाठवले तर चालतं का? चालत नाही. पण प्रत्येकाची अडचण निराळी असते, म्हणून काही प्रश्न इथे घेतो.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जीएसटी आणि नेट बँकिंगचे पासवर्ड अकाउंटंट सीए साहेबांच्या ऑफिसला मेल करतो आणि लगेच डिलीट करतो. एवढं पुरे ना?

नाही. डिलीट झाला तो तुमच्याकडून. त्यांच्या मेलबॉक्समध्ये तो तसाच आहे. तिथून आर्टिकलशिपच्या मुलाला फॉरवर्ड झाला असेल, त्याच्या मोबाइलवरही उतरला असेल. तुमच्याकडेसुद्धा जीमेलच्या ट्रॅशमध्ये तो ३० दिवस राहतो.

मेलवर पाठवलेला पासवर्ड साठून राहतो, ही माझी सगळ्यात मोठी काळजी आहे. मेलबॉक्समध्ये शिरलेल्या चोराला काही फोडावं लागत नाही, शोधाच्या खान्यात ‘पासवर्ड’ टाइप केलं की झालं. तुम्ही आजच ते करून बघा. ‘लॉगिन’, ‘पिन’, ‘युजर आयडी’ हेही टाका, मराठीत आणि इंग्रजीत. मागे एका कारखान्यात मालकांच्या शेजारी बसून मी हेच केलं. पहिल्याच पानावर २०१६ चा मेल निघाला. त्यात बँकेचा आयडी, पासवर्ड आणि खाली एक ओळ: ‘साहेब, डिजिटल सहीच्या टोकनचा पिनपण हाच ठेवलाय.’ पाठवणारा कधीच नोकरी सोडून गेला होता, पासवर्ड मात्र तोच चालू होता. मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

सापडेल तो प्रत्येक पासवर्ड आधी बदला, मग मेल काढा. हा क्रम उलटा करू नका. आणि पुढे पासवर्ड द्यायची वेळच येऊ नये अशी सोय करा. ई-वे बिल पोर्टलवर सब-युजर काढता येतो. आयकर पोर्टलवर सीएंना रीतसर जोडता येतं. बँका कंपनीच्या खात्याला फक्त स्टेटमेंट बघणारा वेगळा युजर देतात, आणि पैसे पाठवताना एकाने भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं अशी व्यवस्थाही करून देतात. डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे ती पेनड्राइव्हसारखी वस्तू, मात्र कुणाच्याही ड्रॉवरमध्ये पडून राहू देऊ नका. तिची गुप्त किल्ली सांभाळण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ ने सही ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरच टाकली आहे. कुणाला किती अधिकार द्यायचा, हे सीए आणि बँकेच्या शाखेत समोरासमोर बसून ठरवा.

पासवर्डची फाइल झिप करून कुलूप लावतो आणि तिचा पासवर्ड दुसऱ्या मेलने पाठवतो. चालेल?

कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत गेली. किल्ली फोनवर सांगा.

दर महिन्याला सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावावं असं ऐकलं आहे.

ऐकीव गोष्टींवर धोरण ठरवू नका. अमेरिकेची मानकसंस्था एनआयएसटी २०१७ पासून सांगते आहे की ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल नको, फुटल्याची शंका आली की बदला. सक्ती केली की माणसं ‘सोलापूर१’ चं ‘सोलापूर२’ करतात. त्यापेक्षा लांब पासवर्ड ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि ते बिटवॉर्डन किंवा कीपाससारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये जपा. मेलच्या खात्याला टू-स्टेप लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी.

एक विक्रेता ‘बँकेसारखं सुरक्षित एन्क्रिप्टेड मेल’ असं वार्षिक पॅकेज देतोय. घ्यावं का?

आधी त्याला विचारा, वाटेतलं संरक्षण की मेलबॉक्समधलं? वाटेतलं, म्हणजे टीएलएस, मोठ्या मेलसेवा आजही फुकट देतात. फुकटचं विकायला तो आला असेल तर चहा पाजून रवाना करा. मेलबॉक्समधलं असेल, तर पलीकडच्याने उघडलेला मेल कुठे आणि किती दिवस राहतो, हे लेखी घ्या. त्याच्याकडून काही विकत न घेणाऱ्या जाणकाराला तो कागद दाखवल्याशिवाय सही करू नका.

गुरुवारी चुकून बँकेचा आयडी-पासवर्ड भलत्याच पत्त्यावर गेला. मॅनेजर म्हणतात, सोमवारी बघू.

सोमवारी नाही, हे वाचता वाचता. पासवर्ड बदला. बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून ते लॉगिन थांबवायला सांगा. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन कुणी फॉरवर्डिंग लावलं आहे का ते पाहा, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. तिथे जेवढ्या लवकर कळवाल तेवढी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार काही प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. तुमचा प्रकार त्यात बसतो का, हे आजच वकिलांना विचारा.